पंप घेताय ना, मग एकदा आरशासमोर घेऊन बघा

आमच्या आईने सात वर्षं दम्याचा पंप घेतला आणि सातही वर्षं चुकीचा घेतला. मागच्या दिवाळीत फटाक्यांच्या धुराने जाम धाप लागली म्हणून नवीन डॉक्टरकडे नेलं, त्यांनी औषध बदलायच्या आधी एवढंच म्हटलं, आजी जरा माझ्यासमोर घेऊन दाखवा. आईने आ केला, पंप दाबला, आणि ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर. उरलेला जिभेवर. आणि आम्ही इकडे पंप लागूच पडत नाही म्हणून मृगाला हैदराबादला नेऊन मासा गिळवायच्या गप्पा मारत होतो!

मी डॉक्टर नाही, डोस तुमच्या डॉक्टरांचाच. घ्यायचा कसा तेवढं सांगतो.

आधी स्पेसर आणा. ती प्लास्टिकची नळी लहान पोरांसाठी असते असं समजून मोठी माणसं घेत नाहीत, पण पंप दाबला की औषध सुसाट सुटतं आणि घशावर आपटतं, दाबायचं आणि ओढायचं एकाच वेळी जमावं लागतं जे भल्याभल्यांना जमत नाही, स्पेसरमध्ये ते जरा थांबतं आणि तुम्हाला वेळ मिळतो.

टोपण काढा, पंप चांगला हलवा, नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर दोन-चार फवारे हवेत सोडा. सरळ बसा, श्वास सावकाश बाहेर सोडा, स्पेसर दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा, एकदाच दाबा आणि चार-पाच सेकंद हळूऽऽ आत ओढा. मग १० सेकंद रोखून धरा, जमेल तेवढं. दुसरा पफ असेल तर अर्धा मिनिट थांबून, पंप परत हलवून, परत पहिल्यापासून. (दोन पफ एकदम दाबून एका दमात ओढायचे हा आईचा शॉर्टकट होता, तो बंद केला.) लहान मुलांना मास्क नाकातोंडावर घट्ट बसवून पाच-सहा नेहमीसारखे श्वास घेऊ द्या, रडणाऱ्या पोराला बळंच देऊ नका, रडताना औषध नीट आत जात नाही.

रोटाकॅपवाल्यांचं, म्हणजे मशीनमध्ये कॅप्सूल घालून ओढणाऱ्यांचं, मात्र उलटं. आत पावडर असते, ती तुमच्या श्वासाच्या जोरावरच आत जाते म्हणून जोरात आणि खोल ओढायचं, आणि मशीनमध्ये फुंकर मारायची नाही, ओल लागून पावडरचा गोळा होतो. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पण भेटलेत.

घेऊन झालं की चूळ भरून, गुळण्या करून थुंकायचं. स्टेरॉइडचं औषध तोंडात राहिलं तर पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. स्पेसर महिन्यातून एकदा भांड्याच्या लिक्विडने धुवा पण फडक्याने पुसू नका, घासलं की प्लास्टिकला करंट धरतो आणि औषध नळीलाच चिकटतं. आमचा भांड्यांच्या स्टँडवर वाळतो, पाहुणे विचारतात हे काय.

आता निळ्या पंपाबद्दल, म्हणजे सालब्युटामॉल. तो दोन-चार मिनिटांत मोकळं करतो म्हणून सगळ्यांचा लाडका, मेडिकलवालाही सहज देतो. पण तो आवळलेली श्वासनळी फक्त सैल करतो, आतली सूज तशीच राहते. ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा म्हणजे जिना, दम्याच्या उपचारांबद्दल जगभरच्या डॉक्टरांना सल्ला देणारी संस्था, यांनी २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय की १२ वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, सूज कमी करणारं स्टेरॉइड पंपातून हवंच. २०० पफचे तीन पंप वर्षात संपत असतील तर मोठा अटॅक यायचा धोका वाढलेला असतो. तेव्हा जुने डबे फेकायच्या आधी मोजा. बऱ्याच जणांना आता बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल असा एकच पंप रोजसाठी आणि त्रासासाठीही देतात, तुम्हाला चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

आणि स्टेरॉइड म्हटलं की घरात लगेच 'सवय लागेल, गोळी बरी'. हिशोब बघा, पंपाचा एक पफ २०० मायक्रोग्रॅम धरला तर प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, तीही सगळ्या अंगात फिरणारी. औषधं वेगळी आहेत मान्य, पण अंदाज आला ना. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करणं ही दुसरी खोड, ती आमच्याकडेही होती.

अटॅक आला तर आडवं झोपवू नका, बसवा. निळा पंप स्पेसरमधून एकेक करून ४ पफ, प्रत्येक पफला ४ श्वास, मग ४ मिनिटं थांबा, फरक नाही तर परत ४. तरी नाही तर १०८ लावा, आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर वाट बघू नका, १०८ आधी. डॉक्टरांनी वेगळा प्लॅन लिहून दिला असेल तर तोच फ्रिजवर चिकटवा.

पुढच्या व्हिजिटला फाइलबरोबर पंप आणि स्पेसरही पिशवीत घाला आणि स्वतःहूनच म्हणा, घेऊन दाखवू का.