मॉडिफाय केलेली जुनी पिकअप विकायची आहे? मंग भाव असा काढा

पहिले एक काम करा. ज्या वहीत गाडीवरचा खर्च लिहून ठेवला आहे ना, ती वही गिऱ्हाईकासमोर काढू नका. तुम्ही दोन लाख लावले का चार लाख, समोरच्याले त्याचं काहीच घेणंदेणं नाही. जुनी टाटा २०६ असो, महिंद्राची प्यूजो नाहीतर एमडीआय इंजिनवाली असो, का जीपचं मागचं कापून डाला (माल ठेवायचा उघडा भाग) बसवलेली घरगुती पिकअप असो, अशा गाडीचा भाव घेणारा कोण आहे अन् कागदं काय म्हणतात यावर ठरते. खर्च त्याच्या मागून येते, अन् तोही अर्धामुर्धाच.

म्हणून आधी गिऱ्हाईक ठरवा, भाव नंतर.

आपल्याकडे मेन गिऱ्हाईक म्हणजे कामवाला. वरुड-मोर्शीकडचा संत्रेवाला, गुजरीत भाजी नेणारा, नाहीतर कास्तकार ज्याले वावरातला कापूस जिनिंगवर न्यायचा आहे. हा माणूस पाहते की लोड किती ओढते, ॲव्हरेज काय देते अन् पार्ट तालुक्याले भेटते की नागपूरले जावं लागते. तुमचे काळे अलॉय अन् रुंद टायर पाहून तो खुश होत नाही, त्याच्या डोक्यात येते की हे टायर फुटलं तं दुसरं आणू कुठून.

दुसरा म्हणजे शौकीन. नागपूर, पुणे, नाशिककडचे पोट्टे, ऑफरोडवाले, नाहीतर रिसॉर्टच्या गेटसमोर उभी करायले गाडी पाहिजे असणारे. हे पैसे जास्त देतात, पण महिनोन्महिने फोटोच मागतात, अन् हरियाणातल्या मंडी डबवालीत मॉडिफाय होणाऱ्या जीपांचे भाव त्यांना तोंडपाठ असतात, त्यामुळे मनाला येईल तो आकडा फेकला तं फोन ठेवून देतात. तिसरा भंगारवाला. त्याले विकायची नसली तरी त्याचा भाव माहीत पाहिजे, कारण तुमचा तळ तोच आहे. आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं असते, त्याले त्या दिवशीच्या भंगाराच्या रेटने गुणा. १४०० किलो अन् ३० रुपये धरले तं ४२ हजार. याच्या खाली कोणी बोलला तं चहा पाजून रवाना करा.

आता खरा हिशोब. तुमचंच मॉडेल, त्याच्या आसपासचंच साल, पण काहीच मॉडिफाय न केलेलं, चालू कागदाचं, तुमच्या जिल्ह्यात कितीले गेलं ते तीन-चार जागी विचारा. मेकॅनिकले विचारा, अडत्याच्या पोराले विचारा, ऑनलाईन जाहिराती पाहा पण जाहिरातीतला भाव हा मागायचा भाव असते, सुटायचा नाही, त्यातून थोडं कापूनच धरा. समजा साधी गाडी १,४०,००० ले जाते. अन् तुम्ही लावले २,६०,०००: इंजिन ओव्हरहॉल ७० हजार, डेंटिंग-पेंटिंग अन् पत्रा ८०, पॉवर स्टेअरिंग २५, अलॉय अन् टायर ६०, लाईट अन् साउंड २५. आकडे समजायपुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका.

कामवाल्याच्या नजरेने पाहिलं तं इंजिनचे ३५ मोजा, कारण तो खर्च त्याचा वाचला. स्टेअरिंगचे १५, बॉडीचे १५, टायरचे १०. लाईट-साउंडचा भोपळा. म्हणजे ७५ वाढले अन् भाव गेला २,१५,००० वर. फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायच्या लायक असल्याचा आरटीओचा दाखला) संपला आहे अन् इन्शुरन्स नाही, त्याचे २५ कापा, राहिले १,९०,०००. शौकिनाकडे तेच मोजलं तं बॉडी-पेंटचे ५० भेटू शकतात, इंजिनचे ४०, चाकांचे ३५, स्टेअरिंगचे २०, साउंडचे ५, झाले दीड लाख, म्हणजे २,९०,०००. कागद चोख पाहिजे मात्र. मधात लाखभराचा फरक आहे, अन् तो फरक म्हणजे तुम्ही किती थांबू शकता त्याची किंमत आहे. पोरीचं लग्न तोंडावर असलं तं शौकिनाची वाट पाहू नका.

एक गोष्ट लोक विसरतात. अलॉय, साउंड, विंच, एलईडीची पट्टी हे सगळं काढून वेगळं विकलं तं बहुतेक वेळा जास्त पैसे येतात. जुने रिम ठेवले असतील तं ते बसवा अन् गाडी साधी करून कामवाल्याले द्या. बसवायच्या आधीचं ओरिजनल सामान पोत्यात भरून ठेवलं असलं, जुनी ग्रिल, मीटर, हेडलाईटचे रिंग, तं ते भंगारात घालू नका बापा, शौकीन त्याच पोत्यासाठी भाव वाढवते. आणि डीजेसाठी डाला वाढवलेली गाडी असली तं सरळ डीजेवाल्यालेच विका, दुसऱ्या कोणाच्या कामाची ती नाही.

आता कागदं, अन् इथं वेळ द्या कारण निम्मे सौदे इथंच फसतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने जशी दिली अन् आरसीवर जशी लिहिली, गाडी तशी पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवानगी बदल केला तं मालकाले सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर एकेका बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. म्हणजे इंजिन बदललं आहे अन् आरसीवर जुनाच इंजिन नंबर आहे, चेसिस कापून लांब केली आहे, मूळची बॉडीच वेगळी होती, तं हे लपवायची गोष्ट नाही, भावात धरायची गोष्ट आहे. ज्याची नोंद होते ती विकायच्या आधी आरटीओत जाऊन करून घ्या, रंग बदलला असला तं त्याचीही. ज्याची होतच नाही, जसा समोरचा लोखंडी बुलबार (त्यावर २०१७ पासून बंदी आहे) किंवा प्रेशर हॉर्न, ते काढूनच टाका.

चेसिस नंबरचं तं जवळून पाहा. टायरच्या मागे, चेसिसच्या लोखंडावर ठोकलेला असते तो. गाडी रंगवताना पोट्टे त्यावर लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरतात, वरून काळा रंग मारतात, नाहीतर गंज काढायले ग्राइंडर फिरवतात अन् दोन आकडे पुसल्या जातात. मंग ट्रान्सफरच्या वेळी कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप अर्धीच उमटते, तीनचा आठ दिसते, अन् तिथून पुढं महिनाभर चकरा. म्हणून जाहिरात टाकायच्या आधी वायर ब्रशने हळू साफ करा, रॉकेलचं फडकं मारा, पेन्सिलने छाप घेऊन आरसीशी ताडून पाहा. कोणतंही मशीन लावू नका तिथं.

बाकी कागद पटपट सांगतो. पांढऱ्या नंबरची खासगी गाडी असली तं पंधरा वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू होते, पिवळ्या पट्टीची असली तं फिटनेस पाहिजे. पर्यावरण कर भरला आहे का पाहा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असली तं एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. ई-चलन बाकी असलं तं भरा. बँकेचा बोजा असला तं तो उतरवायले बँकेची एनओसी (ना-हरकत) अन् फॉर्म ३५. गावात कोणी म्हणते की पंधरा वर्ष झाली, गाडी बाद झाली, भंगारातच द्या, तं त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो वयाचा नियम दिल्ली-एनसीआरचा आहे अन् दुसरा सरकारी गाड्यांचा, आपल्या गाडीले फिटनेस अन् रिन्यूअल असलं की चालते. हे गिऱ्हाईकालेही समजावून सांगा, कारण भाव पाडायले हेच वापरतात. कुल वजन ३००० किलोपर्यंत असलं तं मालगाडीचं परमिट लागत नाही, हे कामवाल्याले आवर्जून सांगा, त्याले ते ऐकून बरं वाटते.

अन् ‘व्हिंटेज’ हा शब्द जाहिरातीत टाकू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांच्या वर पाहिजे, अन् चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नको. आपली गाडी मॉडिफाय आहे, विषय संपला.

विकायचा टाईम. जूनमध्ये कोणी गाडी घेत नाही, सगळा पैसा बियाण्यात अन् खतात गेलेला असते. सोयाबीन निघालं की दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला पैसा हातात येते, कापसाचा डिसेंबर-जानेवारीपर्यंत येत राहते. कामवाल्याले विकायची असली तं संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू व्हायच्या थोडं आधी बोर्ड लावा, त्यावेळी व्यापाऱ्याले गाडी आजच पाहिजे असते. शौकिनाले मोसमाचं काही नाही.

फोटो सकाळच्या उन्हात काढा, गाडी धुऊन पण पॉलिश न मारता, पॉलिश दिसली की माणूस लांबी शोधायले लागते. चारही बाजू, डाल्याचा तळ, फाळका, पाटे, चेसिस खालून, मीटर, इंजिन. गंज आहे तिथला फोटो तुम्हीच टाका. रात्रभर थंड पडलेली गाडी एका सेल्फमध्ये चालू होते याचा व्हिडिओ टाका, धूर दिसू द्या. अमरावतीहून माणूस दोन तास गाडी चालवून आला अन् त्याले फोटोत नसलेला सडका पत्रा दिसला तं तो पाच हजार नाही, पंचवीस हजार तोडते, वरून चार लोकांले सांगते.

पाहायले येणारा जाणता असला तं तो पहिले बोनेटवर हात ठेवते, गाडी आधीच गरम करून ठेवली का पाहायले. मंग खिशातून छोटं चुंबक काढते अन् दरवाज्याच्या खालच्या कडेले लावते, जिथं चिकटत नाही तिथं लांबी. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडते, हवा मारते का पाहते. तुम्ही मधात मधात बोलू नका. विचारलं तेवढं सांगा, अन् काम कोणत्या गॅरेजमध्ये केलं त्याची बिलं असतील तं ती पुढं करा. वही नाही पण बिलं दाखवायची, कारण बिलावर पार्ट कोणता टाकला ते दिसते. टेस्ट ड्राइव्ह द्यायच्या आधी लायसन्स पाहा, थर्ड पार्टी इन्शुरन्स चालू ठेवा अन् बाजूले तुम्ही बसा. एकट्याले चावी द्यायची नाही, मंग तो पाहुण्यातला का असेना.

मागायचा भाव सुटायच्या भावाच्या दहा टक्के वर ठेवा, त्याहून जास्त नाही. आपल्याकडे ‘दोन गोष्टी कमी करा भाऊ’ म्हटल्याशिवाय सौदा होत नाही, त्याले तेवढी जागा पाहिजे. पण खालचा आकडा घरात ठरवून या, बायकोले सांगून या, म्हणजे पारावर चार लोक जमले की तुम्ही घसरणार नाही. कोणी ‘गाडी अन् वर बैलजोडी’ असा बदल घेऊन आला तं बैलाचा आजचा बाजारभाव धरा, त्याने सांगितलेला नाही.

इसार घेतला की सौदाचिठ्ठी करा. शंभरचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला, ५०० चा घ्या. त्यात लिहा की गाडी मॉडिफाय आहे, काय-काय बदललं आहे, अन् घेणाऱ्याने ते पाहून घेतलं आहे. बाकी पैसे कधी, नाही दिले तं इसाराचं काय, तेही. एका सौद्यात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही, आयकरवाले तेवढ्याच रकमेचा दंड लावू शकतात, बँकेतून घ्या. ऑनलाईन गिऱ्हाईक न पाहताच ‘आवडली, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणाला, फौजी आहे म्हणून कँटीनचं कार्ड पाठवलं, तं समजून जा. पैसे यायले पिन टाकावा लागत नाही.

गाडी देताना कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळे होऊ नका. फॉर्म २९ च्या दोन प्रती अन् फॉर्म ३० पुरे भरून, त्याच्या आधार-पॅनची झेरॉक्स घेऊन, शक्य असलं तं ट्रान्सफरचा अर्ज वाहन पोर्टलवर तुमच्यासमोरच टाका. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओले कळवायचं असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. दुसऱ्या राज्यात चालली तं फॉर्म २८ ची एनओसी लागते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं आहे की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तं भरपाई त्याच्या अंगावर येऊ शकते, गाडी विकून कितीही दिवस झाले असोत. म्हणून घेणाऱ्याचे निदान वीस-पंचवीस हजार जास्तीचे नाव बदलेपर्यंत तुमच्याकडे ठेवून घ्यायचे नाहीतर तेवढ्याचा चेक घ्यायचा, हे सौद्यातच बोला. डीलरले देत असाल तं त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा, असलं तं फॉर्म २९सी ऑनलाईन भरून गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद होते, नसलं तं त्याच्या नावाने डिलिव्हरी चिठ्ठी, तारीख अन् वेळ टाकून, मिनिटासकट.

फास्टॅग काचेवरून काढून घ्या अन् बँकेले सांगून बंद करा, नाहीतर गाडी त्याची फिरते अन् टोल तुमच्या खात्यातून जाते.