पुण्यात राहून चरित्र भूमिका: काम मिळवायचं आणि टिकवायचं कसं

मालिका-सिनेमासाठी नट निवडणारा कास्टिंगवाला फोनवर एवढंच बोलतो: "पन्नाशीचा हेडमास्तर हवाय, जरा कडक." चरित्र भूमिका म्हणजे नायक-नायिकेभोवतीची अशी माणसं. अशा वाक्यात आपण कुठे बसतो, ते आधी ठरवा. हवालदार, तलाठी, वकील, मुलीचा बाप, खोचक मामा यांतले तीन-चार तरी आपल्या वयाला आणि चेहऱ्याला शोभतात. फोटो त्यांचेच काढा. दाढी वाढलेला एक संच, गुळगुळीत दाढीचा दुसरा. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचा. फिल्टर नको. केस पिकले असतील तर रंगवू नका, पिकलेल्या डोक्याला इथे भाव आहे. पेठी मराठीच्या जोडीला एक बोली नीट शिका. वाक्यागणिक 'व्हय' जोडून कोल्हापुरी होत नाही, कोल्हापूरचा माणूस लगेच ओळखतो.

ऑडिशन आता बहुतेक घरूनच, फोनवर. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, साधारण पाच फुटांवर. उजेड समोरच्या खिडकीतून घ्या. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो. पंखा बंद, कुकर बंद. आधी नाव, वय, उंची, गाव आणि मोकळ्या तारखा लेन्सकडे बघून सांगा, मग डावी-उजवी बाजू दाखवा. सीनमध्ये मात्र नजर लेन्सच्या अगदी शेजारी ठेवा. क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारा, फोनला चिकटून उभा राहतो आणि हळू बोलतो, नाहीतर त्याचाच आवाज तुमच्यावर चढतो. दोन मिनिटांवर जाऊ नका. फाइलला नाव, वय, भूमिका असं नाव द्या. ऑडिशनसाठी किंवा 'नोंदणी'साठी कुणी पैसे मागितले तर विषय तिथेच संपवा.

सेटवर खरी परीक्षा कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळण्याची. समजा, चहा पिताना बोलायचं आहे. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा सीन एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, तुम्ही "तुमची मुलगी" या शब्दांवर उजव्या हाताने कप उचललात आणि वाक्य संपल्यावर ठेवलात. क्लोजमध्ये, म्हणजे फक्त तुमच्या चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्ये, तोच हात, तोच शब्द, कपातला चहाही तेवढाच हवा. क्लोजमध्ये कप आधीच ओठाला लावलात तर दोन शॉट जुळत नाहीत, एडिटर समोरच्याचा चेहरा लावतो आणि तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य त्याच्या चेहऱ्यावर ऐकू येतं. नव्या नटाचे क्लोज असेच कापले जातात, आणि तो दोष दिग्दर्शकाला देतो. म्हणून पहिल्या तालमीतच हाताला कमीत कमी काम द्या. सीनचे कागद बऱ्याचदा त्याच दिवशी हातात पडतात. प्रॉम्प्टिंग मिळतं, पण त्याच्या भरवशावर राहिलात तर डोळे प्रॉम्प्टरकडे वळतात आणि ते पडद्यावर दिसतं. पॅक-अपला पोशाख, अंगठी, घड्याळ, भांग यांचा फोटो काढून ठेवा. पुढच्या डेटपर्यंत, म्हणजे शूटिंगच्या पुढच्या दिवसापर्यंत, न विचारता केस कापायचे नाहीत. भरत नाट्य मंदिरात नाटकाचा प्रयोग आहे म्हणून मिशी उतरवणं तर नाहीच.

मालिकांचे बरेचसे सेट ठाण्याच्या घोडबंदर रोडला, मढला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला टेकते, म्हणजे सेटवर नऊला हजर राहायचा कॉल असेल तर ती निरुपयोगी. आदल्या रात्रीच पोहोचा. होकार देण्याआधी विचारा: दिवसाचं मानधन किती आणि ते किती तासांच्या शिफ्टचं, प्रवास-मुक्काम कोणाकडे, महिन्याला किती दिवस नक्की, पैसे किती दिवसांनी. "नव्वद दिवसांनी" हे उत्तर नेहमीचं आहे. जे ठरलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा. डायरीत प्रत्येक डेटची येण्या-जाण्याची वेळ टिपा आणि बिल त्यावरूनच करा. मानधनातून साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर चढला का ते बघा. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो.

या नव्वद दिवसांमुळेच सुरुवातीला नोकरी किंवा व्यवसाय सोडू नये. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, पूर्णवेळ नट झाले १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. डॉ. मोहन आगाशे अभिनय करत असतानाच पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात मानसोपचार शिकवत होते.

पिशवीत कायम ठेवा: दोन पांढरे सदरे, एक धोतर, कातडी चपला, सेफ्टी पिना आणि बिनकाचेची चष्म्याची फ्रेम. काचेत लाइट चमकला की कॅमेरामन शॉट थांबवतो.