जुने अकाउंटिंग सॉफ्टवेअर बदलावे की चालू ठेवावे? निर्णय कसा घ्यावा

सॉफ्टवेअर जुने झाले, एवढे कारण ते बदलायला पुरत नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजही बिले बरोबर काढत असेल, हिशोब जुळवत असेल आणि त्यातली माहिती हवी तेव्हा बाहेर मिळत असेल, तर घाई कशाची? उलट दोनच वर्षांपूर्वी घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या जोडीला रोज चार एक्सेल शीट उघडाव्या लागत असतील, तर ते आजच तोकडे पडते आहे. म्हणून वय बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी तपासा: हिशोबाचे किती काम सॉफ्टवेअरच्या बाहेर करावे लागते, आणि आत साठलेली माहिती धडपणे बाहेर काढता येते का. एक महिनाअखेर मध्ये येईल अशा बेताने पाच-सहा आठवडे हाताशी ठेवा.

१. आपल्याकडे नेमके काय आहे ते लिहून काढा

हेल्प मेनूतल्या अबाउटमध्ये आवृत्तीचा क्रमांक सापडतो. तो, शेवटचा अपडेट कधी आला, लायसन्स किती जणांचे आहे, डोंगल (लायसन्ससाठी यूएसबीला लावायची किल्ली) लागतो का, डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आणि कोणत्या डेटाबेसमध्ये आहे, हे सगळे एका कागदावर उतरवा.

सॉफ्टवेअर ज्यावर चालते ती विंडोजही बघा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतर उरल्या त्या मर्यादित मुदतवाढीच्या योजना. विंडोज ११ फक्त ६४-बिट येते आणि त्यावर १६-बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. म्हणजे डॉसच्या काळातले सॉफ्टवेअर सध्याच्या कॉम्प्युटरवर सुरळीत असले, तरी ते यंत्र बंद पडले की नव्या यंत्रावर ते सहजी उभे राहणार नाही.

डेटा फाइलचा आकारही नोंदवा, कारण डेटा साठवणाऱ्या डेटाबेस प्रोग्रॅमना मर्यादा असतात. अ‍ॅक्सेसच्या एका डेटाबेसला आणि फॉक्सप्रोच्या एका टेबलला २ जीबीची मर्यादा आहे. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसच्या २०१६ ते २०२२ या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची. मागच्या वर्षीच्या बॅकअपशी तुलना करा. फाइल वर्षापूर्वी १.३ जीबी होती, आज १.६ जीबी आहे आणि मर्यादा २ जीबीची आहे, तर हातात जेमतेम सोळा महिने आहेत.

२. एक महिनाअखेर टिपून ठेवा

हिशोबाला बसणाऱ्या प्रत्येकाजवळ एक वही द्या. सॉफ्टवेअर सोडून दुसरीकडे काही करावे लागले, की काय केले आणि किती मिनिटे गेली, एवढेच लिहायचे. बँक स्टेटमेंटवर टिकमार्क करत बसणे, ऑनलाइन आलेल्या ऑर्डरी पुन्हा हाताने टाकणे, थकबाकीची यादी एक्सेलमध्ये नव्याने मांडणे, एकाची एन्ट्री होईपर्यंत दुसऱ्याने थांबणे, सगळे त्यात आले पाहिजे. आठवून सांगितलेल्या आकड्यांवर विसंबू नका; रोजचा त्रास अंगवळणी पडलेला असतो आणि माणसे तो कमीच सांगतात.

३. दोष सॉफ्टवेअरचा आहे का, ते बघा

वहीतल्या निम्म्या तक्रारींचे मूळ दुसरीकडेच निघाले, तर नवल नाही. रिपोर्टला दहा मिनिटे लागतात? डेटाची कॉपी एसएसडी (वेगवान डिस्क) असलेल्या कॉम्प्युटरवर ठेवून तोच रिपोर्ट काढा. एकाच ग्राहकाची तीन खाती आहेत? ती नव्या सॉफ्टवेअरमध्येही तीनच राहतील. ‘किरकोळ खर्च’ या खात्यात वाटेल ते टाकायची सवयही तुमच्याबरोबरच येईल. शिवाय हवी असलेली सोय सध्याच्या आवृत्तीत असून कुणी चालूच केलेली नसते, असेही होते. सेटिंगचा मेनू एकदा शेवटपर्यंत वाचाच.

४. आकडेमोड न करता बदल ठरवावा अशा परिस्थिती

पहिली, बॅकअप रिस्टोअर होत नाही. याची चाचणी दुसऱ्याच कॉम्प्युटरवर घ्या, चालू डेटावर कधीही नको. रिस्टोअर झाल्यावर त्याच तारखेचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) दोन्हीकडे काढा. शेवटची बेरीज जुळून भागत नाही, खातेवार जुळले पाहिजे.

दुसरी, करविवरणासाठी कायद्याने लागणारा नमुना सॉफ्टवेअर देत नाही आणि पुढेही देणार नाही. तिसरी, सगळे एकाच पासवर्डने काम करतात आणि जुनी नोंद कुणी, कधी बदलली याचा माग राहत नाही. वेगळे यूजर आणि नोंदबदलाची यादी चालू करता येत असेल, तर मात्र आधी ते करून बघा. चौथी, ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो आता उपलब्ध नाही आणि दुसऱ्या कुणाला तो उघडून दुरुस्त करता येत नाही.

५. माहिती बाहेर काढून बघा

ही पायरी बहुतेक जण खरेदी झाल्यावर करतात आणि तिथेच अडकतात. कुठल्याही विक्रेत्याला फोन करण्याआधी खात्यांची यादी, ग्राहक-पुरवठादारांची माहिती, मालाची यादी, बिलवार येणे-देणे आणि मागच्या दोन वर्षांची व्हाउचर (एकेका व्यवहाराच्या नोंदी) सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, काढून बघा. काय-काय बिघडते ते पुढे दिले आहे.

जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. जास्तीच्या ओळी काही वेळा मुकाट्याने गळतात. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण याच जुन्या फाइलच्या मर्यादेमुळे रोजच्या मोजणीतून सुटले होते. म्हणून ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज दोन्ही मूळ रिपोर्टशी ताडून बघा.

सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. तसे केले की ००४५१२ या कोडचा ४५१२ होतो, ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च हे कॉम्प्युटरचे सेटिंग ठरवते, आणि एक्सेल १५च अंक जपत असल्याने १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. फाइल डेटा मेनूतून आयात करा आणि असे स्तंभ ‘टेक्स्ट’ ठरवा.

देवनागरीत नावे असतील तर आणखी एक अडचण येते. युनिकोडच्या (सगळीकडे सारख्या वाचता येणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले नाव पडद्यावर ठीक दिसते, पण बाहेर काढल्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी मिळते. फाँट बदलणारे कन्व्हर्टर आहेत, मात्र जोडाक्षरे आणि रफार तपासायला माणूसच बसवावा लागतो. हे तास खर्चात धरा.

एक्सपोर्टची सोयच नसेल, तर रिपोर्ट प्रिंट करण्याऐवजी टेक्स्ट फाइलमध्ये घेता येतो का ते बघा. तेही जमत नसेल, तर डेटा वाढत राहण्याआधी बाहेर पडलेले बरे. दर वर्षाला हे काम अवघडच होत जाते.

६. तासांचा हिशोब मांडा

नमुना म्हणून समजा, वहीत महिन्याला १२ तास बाहेरचे काम निघाले. तीन वर्षांचे ४३२ तास. त्यातले सगळे वाचतील असे विक्रेता म्हणेल. तुम्ही ६० टक्के धरा, म्हणजे सुमारे २५९. आता बदलाचे तास: जुनी माहिती साफ करणे ४०, तिघांचे प्रत्येकी १२ तासांचे प्रशिक्षण ३६, महिनाभर दोन्हीकडे नोंदी ३०, बिलाचे नमुने आणि चाचण्या २०. एकूण १२६. उरले १३३ तास. यांची पगारावरून निघणारी किंमत तीन वर्षांचे लायसन्स आणि डेटा हलवायची फी यांच्या बेरजेपेक्षा जास्त भरते का, ते बघा. कमी भरत असेल आणि चौथ्या पायरीतले काहीच लागू नसेल, तर तूर्त आहे तेच ठेवा. पुन्हा कधी बघायचे तो महिना मात्र कॅलेंडरवर टाका.

७. त्याचीच नवी आवृत्ती की दुसरेच सॉफ्टवेअर?

नवी आवृत्ती बहुधा सोपी पडते. फक्त एक जपा: नव्या आवृत्तीत रूपांतर झालेला डेटा साधारणपणे जुनीत परत उघडत नाही. आधी कॉपी काढून वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि रूपांतर कॉपीवरच करून बघा.

दुसरे घ्यायचे असेल तर विक्रेत्याच्या नमुना डेटावर डेमो बघू नका, तिथे सगळेच छान दिसते. आपली वीस अवघड व्हाउचर घेऊन बसा: तीन बिलांपोटी आलेली अर्धवट रक्कम, न वटलेला चेक, आधी दिलेला आणि नंतर वळता केलेला अ‍ॅडव्हान्स, बंद केलेल्या महिन्यातल्या मालाचा परतावा, परकीय चलनातले बिल. ती तुमच्या माणसाला स्वतः टाकू द्या. क्लाउडवरचे असेल तर वर्गणी थांबवल्यावर माहिती किती दिवस वाचता येते आणि सगळी व्हाउचर एकत्र उतरवता येतात का, याचे उत्तर लेखी घ्या.

८. ठरलेच तर मुहूर्त

आर्थिक वर्षाचा पहिला दिवस सगळ्यात सोयीचा. ते जमत नसेल तर तिमाहीचा. ओपनिंग बॅलन्स टाकताना ग्राहकाची थकबाकी एका गोळा रकमेत टाकू नका. ट्रायल बॅलन्स तेवढ्याने जुळेल, पण पैसे आले की कोणत्या बिलापोटी ते दाखवता येणार नाही आणि साठ-नव्वद दिवसांपासून थकलेल्या बिलांची यादी निरुपयोगी ठरेल. मूळ बिल क्रमांक आणि मूळ तारखेसह एकेक बिल टाका. एक पूर्ण महिनाअखेर दोन्हीकडे चालवा आणि ट्रायल बॅलन्स, येणे-देणे, साठा आणि बँक हे चारही जुळल्याशिवाय जुने बंद करू नका.

बंद म्हणजे पुसून टाकणे नव्हे. हिशोब जितकी वर्षे जपणे कायद्याने बंधनकारक आहे, तितकी वर्षे जुने सॉफ्टवेअर केवळ वाचण्यापुरते उघडता आले पाहिजे. जुना कॉम्प्युटर टिकेल याची खात्री नसेल तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरमध्ये) हलवा. इंटरनेटचे कनेक्शन काढून टाका आणि पासवर्ड, डोंगल व प्रत्येक वर्षाच्या खातेवहीची पीडीएफ एकाच ठिकाणी ठेवा.