घरी ॲल्युमिनियम हेडचं पोर्टिंग: मशिन कोणतं घ्यायचं?

पोर्टिंग म्हणजे इंजिनच्या हेडमधल्या वाटा (पोर्ट), जिथून हवा-इंधन आत येतं (इनटेक) आणि धूर बाहेर जातो (एक्झॉस्ट), त्या आतून कोरून सुधारणं. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यामुळे पोर्टमधून धातू काढायला फार ताकद लागत नाही. अवघड असतं ते हवं तिथे थांबणं. फिरता कार्बाइड बर (धातू कापणारं दातेरी टोक) निसटला की क्षणात व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे घट्ट बसतो त्या कडेवर, ओरखडा उमटतो आणि सीट कटिंगचा खर्च अंगावर येतो. म्हणून मशिन घेताना वेग किती खाली आणता येतो ते आधी बघा, मग ते पोर्टमध्ये कुठवर पोहोचतं ते बघा. वॉट सगळ्यात शेवटी.

घरच्या कामाला सगळ्यात सोयीचा म्हणजे 500 ते 750 वॉटचा इलेक्ट्रिक डाय ग्राइंडर, म्हणजे बर फिरवणारं लांबट हातमशिन. त्याला 6 मिमी कॉलेट (बरचा दांडा पकडणारा भाग) हवा आणि मागे वेगाचा डायल हवा. दुकानात बऱ्याचदा एकाच वेगाचं, 25 ते 28 हजार आरपीएमचं मशिन पुढे केलं जातं. ते का अडचणीचं ठरतं, याचा हिशोब सोपा आहे. 6 मिमी व्यासाचा बर 25,000 आरपीएमवर फिरला की त्याच्या कडेचा वेग मिनिटाला साधारण 470 मीटर होतो. 12 मिमीच्या बरला तोच वेग 12,500 वरच मिळतो. मोठा बर पूर्ण वेगात चालवला तर धातू तापून दातांना चिकटतो, बर कापायचा थांबून घासायला लागतो आणि हातात उड्या मारतो.

एकाच वेगाचं मशिन आधीच घरात असेल तर बाहेरून स्पीड कंट्रोलर जोडता येतो. पण मोटर कार्बन ब्रशची हवी, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट नको, आणि कंट्रोलर मोटरच्या दीडपट वॉटचा तरी हवा. पंख्याचा रेग्युलेटर लावू नका, तो एवढा भार पेलत नाही आणि जळतो. वेग कमी केला की मशिनच्या आतला गार करणारा पंखाही मंदावतो, म्हणून चार-पाच मिनिटांनी थांबून बॉडी किती तापली ते हाताने पाहा.

हवेवरचा डाय ग्राइंडर हातात हलका असतो, तापत नाही आणि लिव्हर सोडली की हवा बंद होते. पोर्टमध्ये हात वाकडा करून काम करताना याची किंमत कळते. अडचण कॉम्प्रेसरची. खोक्यावरचा 4 सीएफएमचा (मिनिटाला लागणारी हवा, घनफुटात) आकडा थांबून-थांबून वापरण्यासाठीचा असतो. सलग चालवला की हवा त्याच्या कितीतरी पट लागते. 1 एचपीचा कॉम्प्रेसर काही सेकंदांतच मागे पडतो आणि दाब भरायची वाट बघण्यात दिवस जातो. मोठा कॉम्प्रेसर आधीपासून असेल तरच हा रस्ता धरा. लाइनमध्ये पाणी अडवणारा फिल्टर लावा, आणि काम सुरू करण्यापूर्वी एअर टूल ऑइलचे दोन-तीन थेंब टाका.

3 मिमी शँकचं (शँक म्हणजे बरचा दांडा) छोटं रोटरी मशिन फिनिशिंगला ठीक, पण मुख्य काम त्यावर काढू नका. सोनार वापरतात ती फ्लेक्सिबल शाफ्टची लटकती मोटर मात्र फारच उपयोगी. पायाच्या पेडलने वेग कमी-जास्त होतो आणि हँडपीस पेनासारखा धरता येतो. 100-150 सीसीच्या बाइकच्या हेडमध्ये, जिथे पोर्ट सीटकडे वळतो त्या आतल्या वळणावर, तिच्याइतका ताबा मोठ्या डाय ग्राइंडरने मिळत नाही. हँड ड्रिल 2,800 आरपीएमच्या आसपास थांबतं, त्या वेगात बर अडकून उडतो. अँगल ग्राइंडर या कामाचा नाहीच.

बर घेताना ‘ॲल्युमिनियम कट’ मागा. त्यात मोठे, एकेरी, लांब अंतरावरचे दाते असतात. लोखंडासाठीचा जाळीदार डबल-कट बर मिनिटभरात भरून गुळगुळीत होतो. ग्राइंडिंग स्टोनही तसाच भरतो, वर तापून फुटायचा धोका. 10 मिमीचा अंडाकृती आणि 8 मिमीचा गोल टोकाचा, एवढे दोन सुरुवातीला पुरतात. शँक 6 मिमीचा असेल तर तो पाव इंची, म्हणजे 6.35 मिमीच्या कॉलेटमध्ये बसवू नका, चालू कामात तो सुटतो.

सीटखालच्या खोलगट भागासाठी 150 मिमीचा लांब शँक लागतो, आणि खरा धोका इथेच. असा बर बाहेर मोकळ्या हवेत पूर्ण वेगात चालू केला तर शँक चाबकासारखा वाकतो आणि डोकं काटकोनात फिरून सुटतं. डायल सर्वात खाली ठेवा, बर पोर्टच्या आत टेकवा, मगच स्विच दाबा. बंद करून फिरणं पूर्ण थांबल्यावरच बाहेर काढा. बरच्या पाकिटावरची आरपीएमची मर्यादा आखूड शँकसाठी असू शकते.

दात भरू नयेत म्हणून फिरत्या बरला मेणबत्ती टेकवत राहा (लांब शँकचा बर मात्र थांबवूनच). रॉकेलही चालतं, पण ब्रशच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात, म्हणून इलेक्ट्रिक मशिनजवळ मेणच बरं.

बरनंतर 60 किंवा 80 ग्रिटचे सँडिंग रोल मॅन्ड्रेलवर (रोल अडकवायच्या दांडीवर) लावून फिरवा. इनटेक तेवढ्यावर सोडा, आरशासारखं चमकवल्याने काही मिळत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत तर किंचित खरखरीत भिंत बरी, तिच्यावर पेट्रोल थेंब होऊन साचत नाही. एक्झॉस्टला 120 ग्रिट मारा, काजळी कमी धरते.

बर लावण्यापूर्वी जुने, टाकाऊ व्हॉल्व्ह सीटवर बसवा, आणि व्हॉल्व्ह काढून काम करावं लागेल तेव्हा गाइडच्या (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीच्या) भोकात कापडाचा बोळा घाला. भंगारातलं एक हेड आणून त्यावर हात बसवा. डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला गॉगल घाला, कारण ॲल्युमिनियमचा चुरा सुईसारखा असतो. हातात सुती मोजे घालू नका, त्यांचा धागा बरला गुंडाळतो. काम झाल्यावर हेड साबणाच्या गरम पाण्याने धुऊन प्रत्येक ऑइल होल हवेने फुंका, आणि गाइडमध्ये ब्रश घालून तो स्वच्छ निघेपर्यंत फिरवा.