जेवणाच्या सुट्टीनंतर सॉफ्टवेअर अडकतं? फायरवॉलचा आयडल टाइमआउट बघा

"मॅडम, जेवून आलं की स्क्रीन हलतच नाही." एका पतसंस्थेच्या शाखेतून हा फोन मला आठवडाभर रोज येत होता. सर्व्हर तपासला, लाइन तपासली, काउंटरचा पीसीही बदलला. शेवटी एका दुपारी सुट्टीच्या वेळेतच त्यांच्या सिस्को एएसए फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या वाटेवर बसून ये-जा तपासणाऱ्या उपकरणाला, लॉगिन करून बसले.

'शो कॉन' कमांड दिली की प्रत्येक कनेक्शनच्या ओळीत 'आयडल' आकडा दिसतो, म्हणजे त्यावरून किती वेळ काहीच गेलं-आलं नाही ते. हा वेळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे, म्हणजे टाइमआउटपलीकडे, गेला की फायरवॉल ते कनेक्शन काढून टाकते. डेटाबेसच्या कनेक्शनचा आकडा चढत गेला: 0:28:40, 0:29:51... आणि पुढच्या वेळी ती ओळच गायब. फायरवॉलने कनेक्शन विसरून टाकलं, पण पीसी आणि सर्व्हर दोघांनाही त्याचा पत्ता नाही. जेवून आल्यावर पहिलं क्लिक केलं की पाकीट फायरवॉलवरच अडतं.

म्हणून आधी 'शो रनिंग-कॉन्फिग टाइमआउट' बघा. 'कॉन'पुढे मुळात 1:00:00, म्हणजे एक तास असतो. इथे कुणीतरी तो अर्ध्या तासावर आणला होता. पॉलिसी-मॅपमध्ये, म्हणजे ठरावीक ट्रॅफिकसाठीच्या वेगळ्या नियमांत, एखाद्या ट्रॅफिकला वेगळा टाइमआउट दिला असेल तर त्याला तोच लागू होतो, तेव्हा तिथेही नजर टाका.

मग वाटेतलं प्रत्येक उपकरण कागदावर मांडा. फोर्टिगेट फायरवॉलचा मूळ आकडा 3600 सेकंद, लिनक्सच्या कॉनट्रॅकचा (कनेक्शनांची नोंद ठेवणारा भाग) 4,32,000 सेकंद म्हणजे पाच दिवस, एडब्ल्यूएस क्लाउडच्या नॅट गेटवेचा (आतल्या मशीनना बाहेर जोडणारी सेवा) 350 सेकंद. यातला सगळ्यात लहान आकडा असेल तोच तुमचा खरा टाइमआउट.

लॉगसाठी सिसलॉगची, म्हणजे उपकरण पाठवतं त्या नोंदींची, पातळी 6 ठेवा. एएसएवर 302014 या संदेशात कनेक्शन कशामुळे बंद झालं ते कारण येतं. त्यात टाइमआउट दिसला आणि पाठोपाठ त्याच पत्त्यांचा 106015, म्हणजे 'नो कनेक्शन', आला तर दुखणं हेच. या जोडीवर अलर्ट लावा. शिवाय रोज रात्री कॉन्फिग उतरवून कालच्याशी ताडा. टाइमआउटची ओळ बदलली की मेल आला पाहिजे. आमच्याकडे तेवढं असतं तर तो आठवडा वाया गेला नसता.

टाइमआउट शून्य करून ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शून्य म्हणजे कधीच बंद नाही. मेलेली कनेक्शनं साचतात आणि फायरवॉलचं कनेक्शनांचं टेबल भरतं. खरा उपाय कीपअलाइव्हचा, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत ठेवायला मधूनमधून जाणाऱ्या छोट्या पाकिटाचा. लिनक्सवर तो मुळात 7200 सेकंदांनी जातो, तोवर तासाभराचा टाइमआउट केव्हाच उलटलेला असतो. आम्ही सर्व्हरवर तो 600 सेकंदांवर आणला आणि फायरवॉल पुन्हा एक तासावर आणली. फक्त प्रोग्रॅमने सॉकेटवर (कनेक्शनचं त्याच्याकडचं टोक) कीपअलाइव्ह सुरू केलेला आहे ना, ते सर्व्हरवर 'एसएस -टीएनओ' ही कमांड देऊन बघा. ओळीत 'टायमर:कीपअलाइव्ह' दिसायला हवं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी पुन्हा 'शो कॉन' लावून बसले. आयडल 0:09:56 वर गेला आणि पुढच्या वेळी 0:00:03 दिसला.