फायनलला येताय? मग हलगी घरी ठेवा

शनिवारी आमची फायनल आहे. आमची म्हणजे शाळेची. माझी धाकटी सतरा वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघात आहे. समोर तीच शाळा, जी गेल्या साली होती आणि त्याच्या आदल्या सालीही होती. नाव घेत नाही. आमच्या घरात त्यांना नुसतं 'ते' म्हणतात. ते आम्हाला काय म्हणतात, हे कारखान्यातला माझा जोडीदार दोन चहा झाल्याशिवाय सांगत नाही, कारण त्याची भाची तिकडून खेळते. आम्ही दोघं टॉवेलच्या कारखान्यात शेजारशेजारच्या लूमवर असतो. या आठवड्यात त्याच्याकडून साधा पानासुद्धा मागायचा म्हटलं तरी दोनदा विचार करतोय.

या मॅचचं महत्त्व एवढंच की शहरातून पहिला येणारा संघ विभागाला जातो आणि दुसरा घरी. परत संधी नाही. धाकटी दहावीला आहे, पुढच्या साली ती या वयोगटात बसणार नाही.

यंदा गल्लीतले आणि कारखान्यातले मिळून बरेच जण 'आम्ही पण येणार' म्हणतायत. आनंदच आहे. पण त्यातल्या निम्म्यांनी शाळा सुटल्यावर खो-खो बघितलेला नाही, आणि उरलेल्यांनी बघितलाय तो टीव्हीवरचा. तिकडं येऊन काय करायचं आणि काय नाही, हे प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

आधी पाण्याचं बघा. सोलापुरात राहून हे वेगळं सांगायला नको, पण गेल्या साली आमच्या गल्लीतली पाच घरं याच कारणानं आली नाहीत. पाणी चार-पाच दिवसांआड, आणि ते नेमकं मॅचच्या सकाळी आलं. हिशेब करून ठेवा. शनिवारी तुमची पाण्याची पाळी असेल तर शेजारच्या आजींना पाइप लावायला सांगा, त्या मॅचला येणार नाहीयेत. त्या बदल्यात त्यांना निकाल फोन करून कळवायचा, हे आमचं ठरलंय.

वेळेचं म्हणाल तर कागदावर नऊ लिहिलंय. त्याआधी मुलांची एक मॅच आहे. ती बरोबरीत सुटली तर जादा डाव होतो, त्यातही बरोबरी झाली तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कोण कमी वेळात बाद करतं ते बघायचं. एवढं सगळं झालं की नवाचे साडेदहा होतात. तरी तुम्ही साडेआठलाच या, कारण मुलांची मॅच लवकर आटपली तर मुलींना लगेच उतरवतात. पीटीच्या सरांना सकाळी फोन करू नका. काय विचारायचं ते आदल्या संध्याकाळी विचारा. सकाळी त्यांना बारा पोरींचे नी-कॅप, ओळखपत्रं आणि एकीची हटकून विसरलेली चप्पल बघायची असते.

बसायला जुनी चादर आणा. घराघरात एक अशी चादर असतेच जी पाहुण्यांना देता येत नाही आणि टाकवतही नाही, तीच. मैदानाच्या कडेला सावली नाही, म्हणून डोक्याला टोपी किंवा पंचा हवाच. पाणी मडक्यातलं भरून घ्या, बर्फाचं नको. पोरी येता-जाता तुमच्याकडचीच बाटली मागतात आणि मग घसा धरतो. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरे, ती उन्हात खराब होत नाही.

एक विनंती. खेळणाऱ्या पोरीला मॅचच्या आधी काही भरवू नका. गेल्या साली एका माउलीनं प्रेमानं दोन शेंगापोळ्या खाऊ घातल्या, वर तूप. पोरगी पहिल्या डावात पळाली ती पोटाला हात लावून. केळं चालतं, तेही तासभर आधी. शेंगापोळी मॅच झाल्यावर. जिंकलो तरी आणि हरलो तरी.

आता बसायचं कुठं. बहुतेक जण मधोमध बसतात, क्रिकेटची सवय. खो-खोत मधोमध बसून पळापळ दिसते, खेळ दिसत नाही. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं, दोन्ही टोकांना एकेक खांब, साधारण सव्वा मीटर उंच. पाठलाग करणारी एकदा एका दिशेनं निघाली की तिला मागं वळता येत नाही आणि मधली पाटी, म्हणजे बाकीच्या बसतात तो पट्टा, ओलांडता येत नाही. पळणाऱ्या पोरीला मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही घुसता येतं. पाठलागवालीला मोकळीक मिळते ती खांबाच्या पलीकडं गेल्यावर. त्यामुळे निम्मी भानगड खांबापाशी होते. पळणारी खांबाला वळसा घालून निसटायला बघते, आणि मागची एका हातानं खांब धरून अख्खं अंग आडवं फेकते. याला पोल डाइव्ह म्हणतात. ती फक्कीच्या रेषेवर आदळते तेव्हा पांढरा धुरळा उडतो आणि कोपराचं सालटं निघालेलं लांबूनसुद्धा दिसतं. म्हणून खांबाच्या बाजूला, कोपऱ्यात बसा. रेषेला चिकटून मात्र नको. बाहेरही पोरींना पळायला जागा लागते, पंच उठवतातच.

टीव्हीवाल्यांसाठी थोडं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही फायनल नेपाळविरुद्ध जिंकल्या. मुलींचा स्कोअर ७८-४० होता. तो आकडा डोक्यात ठेवून शनिवारी आलात तर वाटेल काहीच चाललेलं नाही. तिथं मॅटवर सात जणींचा झटपट खेळ होता आणि गडी बाद झाला की दोन गुण. आपल्याकडं जुनाच हिशेब: मातीचं मैदान, नऊ जणी, त्यातल्या आठ पाटीवर बसलेल्या, एक पाठलाग करणारी, आणि एका गड्याला एक गुण. नऊ मिनिटं एका संघानं पाठलाग करायचा, नऊ मिनिटं दुसऱ्यानं, असे दोन डाव. पळणाऱ्या तीन-तीनच्या तुकडीनं आत येतात. एक तुकडी संपली की पुढचीनं लगेच आत शिरायचं, उशीर केला तर तेवढ्यावरच बाद. आपल्या मॅचचे आकडे ९-८, ७-७ असे असतात. एकेका गुणाला किंमत असते.

आणखी एक. कोणती पोरगी चांगली खेळली हे नुसत्या गुणांवरून कळत नाही. धाकटी गेल्या मॅचमध्ये दोन मिनिटं दहा सेकंद पळाली. पेपरात ओळ आली असती तर तिच्या नावापुढं तेवढंच आलं असतं. पण त्या दोन मिनिटांत समोरच्यांचा डाव सुकला. मोबाइलमध्ये घड्याळ लावून बघा, दोन मिनिटं किती लांब असतात ते कळेल. मी एकदा घराच्या गच्चीवर साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळतात तसं, पळून बघितली. चाळीस सेकंदांत भिंतीला टेकलो.

आता मुख्य मुद्दा. ज्यासाठी लिहायला बसलो तो.

गेल्या साली फायनलला मी हलगी आणली होती. आमच्या मंडळाचा हलगीवाला, गणपतीत अख्खी लेझीम त्याच्या हातावर नाचते. मला वाटलं पोरींना जोर येईल. पहिल्या डावात आलाही. दुसऱ्या डावात शेवटचा पाठलाग आमचा होता. बरोबरीला दोन गुण हवे होते, मिनिटभर उरलं होतं आणि त्यांची एकच पोरगी आत, दमलेली, खांबाकडं सरकणारी. आम्ही सगळे उभे. हलगी टिपेला. आमच्या पाठलागवालीनं धावत येऊन पाटीवर बसलेल्या धाकटीच्या पाठीला हात लावला. खो दिला.

इथं थांबून एक गोष्ट समजून घ्या. बसलेली पोरगी पाठमोरी असते. तिला मागून कोण येतंय ते दिसत नाही. खो द्यायचा म्हणजे हात लावायचा आणि तोंडानं 'खो' म्हणायचं, दोन्ही. शब्दाआधी उठली तर फाऊल. म्हणून चांगली शिकवलेली पोरगी हात लागला तरी उठत नाही, शब्दाची वाट बघते.

धाकटी वाट बघत राहिली. अर्धा सेकंद असेल. तेवढ्यात ती दमलेली पोरगी तिच्यासमोरून पलीकडं निघून गेली. पुढं खांबावर एक गडी मिळाला, तेवढ्यात शिट्टी वाजली. एका गुणानं गेलो.

मी तेव्हा काही बोललो नाही, कारण मला कळलंच नव्हतं. आमचं आयुष्य लूमच्या खटखटीत गेलं. तिथं कुणी आवाजानं बोलत नाही, ओठ बघून कळतं, आणि बोलायचंच झालं तर कानाशी ओरडायचं. घरी आल्यावरही आमचा आवाज तसाच. बायको म्हणते, तुम्ही मीठ मागता तेव्हा खालच्या मजल्यावरचे मीठ घेऊन येतात. त्यामुळं हलगी मला मोठी वाटलीच नव्हती. रात्री जेवताना धाकटी ताटाकडं बघत एवढंच म्हणाली, "पप्पा, खो ऐकूच आला नाही." रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

तर यंदाचा नियम असा. आपल्या पोरी पाठलाग करत असताना गप्प. टाळी नाही, शिट्टी नाही, 'डावीकडं, डावीकडं' तर अजिबात नाही. तुमची डावीकडं तिची उजवीकडं असते. त्या पळत असतानाही आवाज बेतानं ठेवा, कारण पाठलाग कुठून येतोय हे त्या खो ऐकूनच ओळखतात. ओरडायला जागा भरपूर आहेत: पंचानं गडी बाद दिला की, तीन जणींची तुकडी आत शिरते तेव्हा (तेव्हा नावं घेऊन ओरडा, पोरींना फार आवडतं), आणि दोन पाळ्यांच्या मधल्या विश्रांतीत घसा फाटेपर्यंत. हलगीवालाही येणार आहे, पण नुसत्या हातानं. बक्षीस समारंभात त्याला हलगी मिळेल, ती माझ्या गाडीच्या डिकीत असेल आणि किल्ली बायकोकडं.

'हर्र बोला हर्र' कुणी सुरू करू नका. ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला. गेल्या साली एकानं सुरू केलं तर समोरचेही त्यात सामील झाले, मग कोण कुणाला पाठिंबा देतंय तेच कळेना.

समोरच्यांना शिव्या द्यायच्या नाहीत. सभ्यपणा म्हणून तर आहेच, पण दुसरंही कारण आहे. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कानडी तिन्हीतली शिवी सगळ्यांना कळते, त्यामुळं 'त्यांना कुठं समजतंय' असं समजून काही बोलायला जाल तर तीन बाजूंनी उत्तर येतं. पंचांनाही काही बोलू नका. बसलेल्या पोरीचा गुडघा शब्दाआधी उचलला गेला की नाही हे त्यांना तीन मीटरवरून दिसतं, तुम्हाला वीसवरून.

निकाल काहीही लागो, संपल्यावर पोरींना लगेच फोटोला उभं करू नका. त्यांना आधी माती झाडू दे, एकमेकींच्या गळ्यात पडून काय रडायचं ते रडू दे. पाणी द्या आणि बाजूला व्हा. कोपराला खरचटलेलं असतं, त्यावर गावठी हळद दाबायला बघू नका, सरांकडं औषधाची पेटी असते.

काल दुसऱ्या पाळीला जोडीदारानं विचारलं, "काय बे, शनिवारी हलगी आणलालास का?" मी नाही म्हटलं. तो थोडा वेळ धागा जोडत राहिला. मग ओठांनीच म्हणाला, आवाज न करता, की गेल्या साली आमच्याही पोरींना काही ऐकू येत नव्हतं, तो आमचा ताशावाला आम्ही यंदा आणत नाही. मैदान माझ्या घरापासून लांब आहे आणि त्याच्याकडं दुचाकी नाही. साडेसातला त्याला कन्ना चौकातून घ्यायचंय. भाची संघाबरोबर आधीच गेलेली असेल. येताना तो मागं बसून काय बोलेल ते शनिवारी कळेल.