एपीचे स्कोअर आल्यावर होणारा गोंधळ: या चुका टाळा

जुलै उजाडला की इकडे अमेरिकेत हायस्कूलची पोरं असलेल्या घरांत एकच धांदल, एपीचे (ऍडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमधेच कॉलेजच्या पातळीचे विषय शिकून मे महिन्यात द्यायच्या परीक्षा) स्कोअर कधी येणार. आणि ते आल्यावरची धांदल तर त्याहून मोठी, कारण आपल्यातल्या बहुतेक आईबाबांच्या डोक्यात रिझल्ट म्हणजे अजूनही बारावीच्या बोर्डाचा रिझल्ट, मार्कशीट, टक्के, कट-ऑफ, पेढे. एपीचं तसं नाहीये. इथे नुसत्या आकड्याने काहीच होत नाही, तो आकडा कुठल्या कॉलेजला, कधी आणि कुठल्या नावाने पोचतो यावर सगळं आहे आणि नुकसान होतं तेही बहुतेक तिथेच.

टक्के काढत बसणं

"५ पैकी ४ म्हणजे ८० टक्के ना?" हा प्रश्न पुण्याहून आजी-आजोबा विचारणारच, त्यांना काय ते गोड उत्तर द्या, पण स्वतः तो हिशोब करू नका. पर्यायवाल्या प्रश्नांचे आणि लेखी उत्तरांचे मार्क ठराविक प्रमाणात एकत्र करतात आणि मग त्याचे १ ते ५ असे गट पाडतात. हे गट प्रत्येक विषयाला वेगळे, काही विषयांत पाऊण पेपर बरोबर आला तरी ५ मिळतो. ३ म्हणजे 'क्वालिफाइड', म्हणजे पास झाल्यासारखंच. मूळ मार्क किती पडले ते मुलाला कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही.

आणि दोन विषयांची तुलना तर अजिबात नको. कॅल्क्युलस बीसीला (एपीतलं वरच्या पातळीचं गणित) बसणाऱ्यांतल्या ४० टक्क्यांहून जास्त मुलांना ५ येतो, इंग्लिश लँग्वेजला त्याच्या जवळपासही नाही. बीसी सोपं आहे म्हणून नाही, तर तिथे बसतातच गणितात पक्की असलेली मुलं म्हणून. त्यामुळे "गणितात ५ आणि इंग्लिशमधे ३ कसा?" म्हणून पोरीवर ओरडण्यात काही अर्थ नाही.

स्कोअर दिसतच नाहीये

हे सगळ्यात जास्त होतं आणि घरात रडारड पण यावरूनच होते. लॉगिन केलं, बाकीच्या विषयांचे आकडे आले, एकाच विषयाची जागा रिकामी. किंवा सगळंच रिकामं.

पहिला संशय अकाउंटवर घ्या. बऱ्याच मुलांची कॉलेज बोर्डाची (एपीच्या परीक्षा घेणारी संस्था) दोन अकाउंट असतात, एक आठवी-नववीत कधीतरी पीएसएटीच्या (एसएटी या कॉलेज-प्रवेश परीक्षेची सराव परीक्षा) वेळी शाळेच्या ईमेलवर काढलेलं आणि दुसरं नंतर जीमेलवर, आणि स्कोअर बसलेत भलत्याच अकाउंटमधे. त्यात आपली नावांची गंमत वेगळीच, एका ठिकाणी मधलं नाव म्हणून वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं अक्षर, तिसरीकडे काहीच नाही, मग सिस्टिमला ही दोन वेगळी माणसं वाटतात. तर तिसरं अकाउंट काढू नका (काढतात लोक!), कॉलेज बोर्डाशी संपर्क करा आणि दोन्ही अकाउंट जोडून मागा. मुलाचा एपी आयडी, जन्मतारीख आणि शाळेचं नाव हाताशी ठेवा.

शाळेचा ईमेल ही अजून एक डोकेदुखी. बारावी संपली की बऱ्याच शाळा काही दिवसांत तो ईमेल बंद करतात, मग पासवर्ड विसरला की रिसेटची लिंक जाते त्या बंद पडलेल्या पत्त्यावर. ग्रॅज्युएशनच्या आधीच अकाउंटवरचा ईमेल बदलून घ्या. सिनियर (बारावीतल्या) मुलांच्या पालकांनी तर हे मे महिन्यातच करून टाकावं, पाच मिनिटांचं काम आहे.

अकाउंट बरोबर असेल आणि तरी एखादा विषय नसेल तर थांबा. ज्यांनी मे अखेरीस उशिराच्या तारखेला पेपर दिला त्यांचे स्कोअर मागाहून येऊ शकतात, कधी मुलाची माहिती जुळवायला वेळ लागतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत नाही आला तर मात्र पाठपुरावा करा, आणि शाळेच्या एपी कोऑर्डिनेटरलाही ईमेल टाकून ठेवा कारण परीक्षेच्या दिवशी काही गडबड झाली असेल तर ते त्यांनाच माहीत असतं. पहिल्या दिवशी सकाळी फोन करून होल्डवर बसण्यात काही हशील नाही, अख्खा देश त्याच लाइनवर असतो.

अजून एक, दरवर्षी कुणीतरी "इथे टाका, स्कोअर लवकर दिसेल" अशी लिंक फिरवतं. तिथे युझरनेम-पासवर्ड द्यायचा नाही. त्याच अकाउंटमधे एसएटी पण आहे, पत्ता आहे, जन्मतारीख आहे, आणि हे सगळं दोन तास आधी आकडा बघण्यासाठी?

पाठवलाच नाही, किंवा नको ते पाठवलं

खूप पालकांना वाटतं की स्कोअर आला म्हणजे कॉलेजला आपोआप कळला. नाही कळत. दरवर्षी एका कॉलेजला फुकट पाठवता येतो पण ते कॉलेज २० जूनच्या आत निवडावं लागतं, म्हणजे स्कोअर येण्याच्या आधीच. ती तारीख हुकली की मग पैसे, एका रिपोर्टचे साधारण १५ डॉलर. सिनियर मुलांनी ही फुकटची संधी सोडूच नये, जिथे ऍडमिशन नक्की केली तेच कॉलेज टाकायचं. कॉलेजचा कोड आणि कॅम्पस नीट बघा, मोठ्या युनिव्हर्सिटीचे पाच-दहा कॅम्पस असतात आणि यादीत नावं सगळी सारखीच दिसतात. कॉलेजची स्वतःची पण मुदत असते, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जुलैच्या मध्यापर्यंत अधिकृत स्कोअर मागते, त्यामुळे "ऑगस्टमधे बघू" म्हटलं की पंचाईत.

आता नको ते पाठवणं. रिपोर्टमधे फक्त या वर्षीचे विषय जात नाहीत, दहावीत दिलेल्या पेपरला २ पडलेला असेल तर तोही जातो. एखादा स्कोअर जाऊ नये असं वाटत असेल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे विशिष्ट कॉलेजपुरता रोखून ठेवणं, त्याला थोडी फी आहे आणि नंतर तो मोकळा करता येतो. दुसरं म्हणजे रद्द करणं, ते फुकट आहे पण कायमचं आहे, परत कधीच येत नाही. फुकट आहे म्हणून रद्द करणारे लोक बघितलेत मी! या वर्षीचा स्कोअर फुकटच्या रिपोर्टमधे जाऊ द्यायचा नसेल तर दोन्हीची मुदत १५ जून, तीही स्कोअर कळायच्या आधीच. खरं सांगायचं तर ऍडमिशन झालेल्या मुलाने २ आला म्हणून इतकं घाबरायचं कारणच नाही, त्या विषयाचं क्रेडिट (कॉलेजचा तो कोर्स केल्यासारखा धरणं) मिळत नाही, संपलं.

कॉलेजचा तक्ता न वाचता क्रेडिट धरून चालणं

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक ही. "त्यांच्या मुलाला सात एपीवर अख्खं एक वर्ष माफ झालं" हे ऐकून आपणही फीचा हिशोब मांडून बसतो, पण त्यांचा मुलगा गेला कुठे आणि आपली मुलगी चाललीय कुठे ते तरी बघा. टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिटींना ३ ला सहसा क्रेडिट द्यावं लागतं, तिथे कायदाच आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात पण ३ पासून युनिट्स मिळतात, पण त्या युनिट्सनी तुमच्या मेजरचा (मुख्य विषयाचा) कोर्स सुटेल की नाही हे कॅम्पस आणि डिपार्टमेंट ठरवतं. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीला ५ असेल तर पहिला कॅल्क्युलस सुटतो, ४ ला नाही. कॅलटेक तर एपीचं क्रेडिटच देत नाही, सगळीकडे ५ असले तरी. तर कॉलेजच्या साइटवर एपी क्रेडिटचा तक्ता शोधायचा, चालू वर्षाचाच, आणि आपले विषय एकेक करून ताडून बघायचे.

मेडिकलला जायचा विचार असेल तर अजून जपून. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचं एपी क्रेडिट कॉलेजने दिलं तरी काही मेडिकल स्कूल ते धरत नाहीत, त्यांना कॉलेजात केलेला कोर्स लागतो.

आणि मिळतंय म्हणून घेतलंच पाहिजे असंही नाही. बीसीचा ५ घेऊन पोरगं थेट मल्टिव्हेरिएबलला (कॅल्क्युलसचा पुढचा कोर्स) बसतं, बऱ्याच जणांना जमतं, पण ज्याने अकरावीत बीसी केलं आणि बारावीत गणिताला हातच लावला नाही त्याला पहिल्या सेमिस्टरला घाम फुटतो. कॉलेजची जुनी फायनलची प्रश्नपत्रिका साइटवर मिळाली तर मुलाला ती आधी सोडवायला द्या आणि मग ठरवा. उलटी चूक पण होते, क्रेडिट घ्यायचं आणि तोच कोर्स परत करायचा. बऱ्याच ठिकाणी एकाच कोर्सचं दोनदा क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे ओरिएंटेशनला ऍडव्हायझरला विचारल्याशिवाय रजिस्ट्रेशन करू नका. अधिकृत रिपोर्ट तोपर्यंत कॉलेजला पोचला नसेल तर स्कोअरचा स्क्रीनशॉट मोबाइलमधे ठेवा, कोर्स निवडायला मदत करताना बरेच ऍडव्हायझर तेवढ्यावर बोलतात.

बाकीचं पटापट

रीचेकिंगसाठी धडपड. निबंध आणि लेखी उत्तरं जूनमधे शिक्षक आणि कॉलेजचे प्रोफेसर तपासतात, ती परत तपासून मिळत नाहीत. आपल्या बोर्डासारखी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून मार्क वाढवून आणायची सोय इथे नाही.

"आता ऍडमिशन जाईल का?" नाही. सिनियर मुलांचं ऍडमिशन वसंतातच झालेलं असतं, जुलैतल्या एपी स्कोअरमुळे ते सहसा हलत नाही. कॉलेज बघतं ते शाळेचे शेवटच्या सेमिस्टरचे ग्रेड, तिथे ए चा डी झाला असेल तर चिंता करा. इंग्लंडमधे ऑगस्टमधे ए लेव्हलच्या (तिकडची बारावीसारखी परीक्षा) निकालावर सीट टिकते किंवा जाते, तिकडचे नातेवाईक त्यामुळे उगाच घाबरवतात. शाळेच्या जीपीएलाही (ग्रेडच्या सरासरीलाही) एपीच्या परीक्षेने सहसा फरक पडत नाही, तो वर्गातल्या ग्रेडवर असतो.

आणि दहावी-अकरावीच्या मुलांच्या पालकांनी आत्ताच दहा कॉलेजांना रिपोर्ट पाठवत बसू नये. अर्जात स्कोअर मुलाने स्वतः भरायचे असतात आणि बहुतेक ठिकाणी कुठले भरायचे ते त्याच्याच हातात असतं, म्हणजे ४-५ टाकायचे आणि २ बद्दल गप्प बसायचं, हे चालतं. काही कॉलेजांचे नियम वेगळे असतात, ते अर्जाच्या वेळी वाचा. अधिकृत रिपोर्ट बहुतेक कॉलेजं ऍडमिशन पक्की झाल्यावरच मागतात, आणि सिनियरच्या जूनमधे फुकटचा रिपोर्ट असतोच, त्यात जुने सगळे स्कोअर पण जातात.